ओव्हन, फिश टँक आणि खालच्या काकूंचं छत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, घरात नवरा-बायको दोघंच. ताईंना सुट्टीच्या दिवशी ब्रेड आणि केक करायचा नाद. त्यासाठी २००० वॅटचा ओटीजी, म्हणजे टेबलावर ठेवायचा ओव्हन, घेतलाय. ओट्यावर जागा नाही म्हणून तो हॉलमध्ये डायनिंग टेबलावर असतो, एक्स्टेंशन बोर्डला लावून. मिस्टरांना हॉलमधल्या दोन फुटी फिश टँकचा आणि बाल्कनीतल्या कुंड्यांचा नाद. गेल्या दोन-तीन महिन्यांत पाच कटकटी मागे लागल्यात. रविवारी सकाळी अधूनमधून एक एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) पडतो: गिझर, फ्रिज, ओव्हन, टँक बंद होतात, दिवे-पंखे मात्र चालू राहतात. टँकखालची फरशी कधीकधी ओली सापडते, काच कुठेही फुटलेली नाही. एकदा सगळ्या घराचीच लाइट गेली. सिंक सारखं तुंबतं. आणि आता खालच्या काकू सांगतायत की त्यांच्या छताला, आमच्या बाल्कनीच्या दाराजवळ, ओल आलीय. प्रत्येक वेळी ‘तूच काहीतरी केलंस’ इथून सुरुवात होते. यातलं घरी काय करता येईल, माणूस कशाला बोलवायचा, आणि ओव्हन काढून टाकावा की टँक?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ओव्हनही ठेवा, टँकही ठेवा. काढायचा आहे तो एक्स्टेंशन बोर्ड. तो कुणाला देऊही नका, वायर कापून फेकून द्या.

मी वायरिंग आणि नळकाम दोन्ही करतो, त्यामुळे अशा घरात गेल्यावर मला दोन्ही बाजू एकदम बघायला मिळतात. नाहीतर होतं काय, की वायरमन येतो तो डीबी, म्हणजे एमसीबींची पेटी, उघडून बघतो आणि जातो. प्लंबर सिंकखाली वाकतो आणि जातो. टँकवाला म्हणतो काचेचं सिलिकॉन सुटलं असेल, नवीन टँक घ्या. तुमच्या पाच तक्रारींपैकी पहिल्या तीन एकाच माळेतल्या आहेत. सिंकचं कारण निराळं, आणि छताच्या ओलीचं बहुतेक आणखी निराळं.

नवरा-बायकोच्या भांडणात कारागिराने पडू नये, चहा प्यावा आणि काम करावं, हे मला मान्य आहे. पण इथे भांडणाचं कारणच विजेचं आहे म्हणून बोलतो. तुम्ही दोघंही शेवटचा हात कोणाचा होता ते बघता. किटलीचं बटण दाबलं आणि लाइट गेली, म्हणजे किटलीवाला दोषी. खरं बघायचं ते हे, की त्या पंधरा-वीस मिनिटांत त्या लाइनवर काय काय चालू होतं.

हिशोब करून दाखवतो. ओव्हन २००० वॅट, गिझर साधारण तेवढाच. आपल्याकडे व्होल्टेज २३०. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात: दोन्ही ८.७ आणि ८.७, झाले १७.४. फ्रिज चालू झाला की एखादा अँपिअर. चहासाठी १५०० वॅटची किटली लावली की आणखी साडेसहा. बेरीज २५ च्या घरात. आणि तुमच्या वर्णनावरून ही सगळी मंडळी एकाच एमसीबीवर आहेत, कारण तो पडला की सगळी एकदम जातात. जुन्या फ्लॅटमध्ये हे सर्रास असतं. वायरिंग झालं तेव्हा घरात एक गिझर, एक इस्त्री आणि एक मिक्सर धरलेला होता. ओव्हन, किटली, मायक्रोवेव्ह कुणाच्या डोक्यात नव्हते. हॉल, किचन आणि बाथरूमचे पॉवर पॉइंट एकाच लाइनवर ओढले आणि वर १६ अँपिअरचा एमसीबी बसवला.

आता लोक विचारतात, १६ चा एमसीबी आहे तर १७ ला का पडत नाही? तो तसा बनवलेलाच नसतो. आत एक पट्टी असते, ती करंटने तापते, तापून वाकते आणि खटका सोडते. सव्वापटीच्याही आतला, म्हणजे १८ अँपिअरपर्यंतचा लोड तो तासभर सहज सोसतो. साधारण दीडपट, म्हणजे २३-२४ च्या पुढे गेलं की तासाच्या आत पडायलाच हवा; प्रत्यक्षात काही मिनिटांत पडतो. म्हणून नुसता ओव्हन आणि गिझर असेल तेव्हा तुमचा ब्रेड नीट भाजून निघतो. किटली लागली की पडतो. तोही लगेच नाही, जरा वेळाने, तोवर किटली बंद होऊन कुणीतरी मिक्सर लावलेला असतो आणि बोलणी मिक्सरवाल्याला बसतात. त्यात ओव्हन आणि गिझर दोघांना थर्मोस्टॅट. ते आपल्या मर्जीने चालू-बंद होतात. किटली लागली तेव्हा दोन्ही चालू असले तर पडतो, एक झोपलेला असला तर नाही पडत. ‘मागच्या रविवारी हेच सगळं चालू होतं, तेव्हा नाही गेली’ हे तुमचं म्हणणं म्हणूनच खरं आहे, आणि तरीही दोष लोडचाच आहे.

आणखी एक बारकावा. पडलेला एमसीबी लगेच वर केला की दुसऱ्या वेळी लवकर पडतो, कारण आतली पट्टी अजून गरम असते. मग माणसाला वाटतं एमसीबी खराब झाला. आधी लोड कमी करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग वर करा. मात्र वर करताक्षणी ठाप करून पडत असेल तर तो लोड नाही, शॉर्ट आहे. तेव्हा दुसऱ्यांदा प्रयत्न करायचा नाही. त्या लाइनवरचे सगळे प्लग उपटून ठेवायचे आणि वायरमनला बोलवायचं.

या टप्प्यावर कुणीतरी हमखास सल्ला देतो, ‘१६ चा काढून २५ चा टाका, कटकटच मिटेल.’ कटकट मिटते, कारण मग एमसीबी पडत नाही, भिंतीतली वायर तापते. एमसीबी असतो तो वायरीला वाचवायला, तुमच्या ओव्हनला नव्हे. भिंतीत अडीच एमएमची वायर असेल, आणि जुन्या घरात ती किती जुनी आणि पाइपात किती कोंबलेली आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही, तर १६ चा एमसीबीच तिथे बरोबर आहे. हा बदल सुचवणारा माणूस परत घरात घेऊ नका.

पण एमसीबी पडण्यापेक्षा मला तो डायनिंग टेबलावरचा एक्स्टेंशन बोर्ड जास्त भीतीदायक वाटतो, कारण त्याबद्दल तुम्ही तक्रारच केलेली नाही. बाजारातला साधा बोर्ड ६ अँपिअरचा असतो. ओटीजीची पिन जाड, १६ अँपिअरची. ती त्यात बसत नाही म्हणून मध्ये कन्व्हर्टर लावला असणार. म्हणजे ६ अँपिअरच्या बोर्डातून पावणेनऊ अँपिअर तासतासभर जातात. इथे एमसीबी काहीही करू शकत नाही, कारण त्याच्या हिशोबाने पावणेनऊ म्हणजे काहीच नाही. बोर्डाची वायर वितळली तरी तो शांत बसेल. एकदा तपासून बघा: ओव्हन वीस मिनिटं चालवा, मग भिंतीवरचं बटण बंद करा, पिन काढा आणि पिनेच्या पितळेच्या नळ्यांना नाही, प्लास्टिकला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, बोर्डाच्या भोकांभोवती तपकिरी कडा आली असेल, किंवा जळक्या प्लास्टिकचा, किंचित माशासारखा वास येत असेल, तर त्या बोर्डाचं आयुष्य संपलेलं आहे. हा वास टँकचा म्हणून कितीतरी दिवस दुर्लक्षित राहू शकतो, तुमच्या घरात तर नक्कीच.

आता टँककडे येऊ. काच फुटलेली नाही, सिलिकॉन सुटलेलं नाही, तरी फरशी ओली. मी पैजेवर सांगतो की हवेचा पंप टँकच्या खाली, स्टँडच्या फळीवर ठेवलेला आहे आणि त्यातून बारीक नळी वर चढून पाण्यात, तळाच्या एअरस्टोनपर्यंत, म्हणजे बुडबुडे सोडणाऱ्या दगडापर्यंत, गेली आहे. पंप चालू असतो तोवर हवा पाण्याला मागे ढकलते. लाइट गेली, पंप थांबला, की टँकमधलं पाणी त्याच नळीत शिरतं, काठावरून वर चढतं आणि खाली उतरायला लागतं. गाडीतून पेट्रोल काढायला नळी लावतात तोच प्रकार. पंपाच्या आत रबराच्या पडद्या असतात, त्या पाणी थोडं अडवतात, पण हवेसाठी केलेल्या पडद्या पाण्याला किती दाद देणार. बारीक धार पंपातून गळते, फळीवरून फरशीवर. लाइट आली की पंप चालू, हवा परत पाण्याला ढकलते, गळती बंद. तुम्ही बघायला जाता तेव्हा सगळं जागच्या जागी, फक्त फरशी ओली.

म्हणजे ओव्हनमुळे एमसीबी पडला, एमसीबी पडल्यामुळे पंप थांबला, पंप थांबल्यामुळे पाणी खाली आलं. लाइट महावितरणकडून गेली असती तरी हेच झालं असतं. ताईंनी ब्रेड भाजला म्हणून नाही आणि मिस्टरांनी पाणी बदलताना सांडलं म्हणूनही नाही.

आणि ज्या दिवशी सगळ्या घराची लाइट गेली, त्या दिवशी तेच पाणी टँकच्या प्लगपर्यंत पोचलं असणार. डीबीमध्ये एमसीबींच्या रांगेत एक रुंद खटका असतो, त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण. तो आरसीसीबी. तो लोड बघत नाही. फेजमधून (वीज आणणारी वायर) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परत नेणारी वायर) तेवढाच परत येतो का, एवढंच बघतो. मध्ये कुठे ३० मिलिअँपिअर इतका जरी करंट पाण्यातून, ओल्या लाकडातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, तरी तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं घर बंद करतो. त्या दिवशी त्याने आपलं काम चोख केलं. कुणी तुम्हाला म्हणेल की हा फार नाजूक आहे, वारंवार पडतो, काढून टाकू, तर नम्रपणे नको म्हणा. पाण्याचा टँक, गिझर आणि ओले हात एका घरात असताना तो हवाच. महिन्यातून एकदा ते ‘टी’चं बटण दाबून बघा, खटका पडला पाहिजे. नाही पडला तर त्याच आठवड्यात बदला.

टँकचं काम तुम्ही घरीच करू शकता आणि अर्ध्या तासाचं आहे. पंप टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. शेजारच्या भिंतीवर छोटी फळी मारली तरी चालेल. ते जमत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो, माशांच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतो. त्यावर बाण असतो, बाणाचं तोंड टँककडे. बसवण्याआधी तोंडाने फुंकून बघा: पंपाकडच्या बाजूने हवा जायला हवी, टँकच्या बाजूने जाता कामा नये. उलटा बसवला तर हवाच जाणार नाही. मला विचाराल तर दोन्ही करा, व्हॉल्व्ह वर्षा-दोन वर्षांत चिकटतात.

दुसरी गोष्ट टँकच्या वायरींची. फिल्टर, दिवा, पंप यांच्या वायरी टँकवरून सरळ सॉकेटमध्ये उतरत असतील तर पाण्याचा थेंब वायरीवरून घरंगळत थेट सॉकेटमध्ये जातो. वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबू द्या आणि मग वर घेऊन प्लगमध्ये घाला. थेंब त्या लोंबत्या वळणाच्या तळाशी येतो आणि तिथून फरशीवर पडतो. एवढंच. जास्तीची वायर नीटनेटकी गुंडाळून सॉकेटजवळ बांधून ठेवायची सवय असते, इथे ती मोडा. आणि टँकखाली बोर्ड फरशीवर ठेवू नका, भिंतीला उंच स्क्रूने लावा. पाणी सांडलेलं दिसलं तर आधी मेन बंद, मग फडका. हा क्रम दोघांनाही पाठ हवा.

आता सिंक. इथे मात्र ताई, कारण तुमच्या छंदात आहे, दोष नाही पण कारण आहे. लोणी आणि मैदा ही जोडी नळाच्या दृष्टीने वाईट. गरम पाण्याने धुतलेलं लोणी पातळ होऊन जातं आणि दोन-तीन फुटांवर पाइप थंड लागला की तिथे गोठतं. मळलेल्या मैद्याचे तुकडे त्याला चिकटतात, वर भाताची शितं आणि चहाचा चोथा बसतो. मैद्याचं भांडं गरम पाण्याने धुतलं की पिठाची खळ होते, आणखी चिकट. म्हणून त्या भांड्यांची रीत वेगळी ठेवा. पीठ लागलेली परात आधी कोरड्या खरवडणीने खरवडून कचऱ्यात, मग थंड पाणी. लोण्याचं भांडं, केकचा टिन आधी वर्तमानपत्राने पुसून, मग साबण आणि गरम पाणी. चार दिवसांत सवय होते.

तुंबलेलं सिंक उघडणं हे प्लंबरचं काम नाही, तुमचंच आहे. सिंकखाली बघा, पांढऱ्या प्लास्टिकचा बाटलीसारखा भाग दिसेल, तो बॉटल ट्रॅप. खाली बादली ठेवा. हे विसरलात तर खालचं पाणी, म्हणजे काळं, वास मारणारं पाणी तुमच्या कपाटात. बाटलीचा तळ हाताने उलटा फिरवा, पाना लागत नाही. पान्याने आवळलं की प्लास्टिकचे आटे जातात. आतला गाळ काढा, जुन्या टूथब्रशने घासा. तळात एक गोल वॉशर असतो, तो हरवू नका आणि ज्या बाजूने होता त्याच बाजूने बसवा. परत लावल्यावर सांध्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळा आणि सिंक भरून एकदम सोडा. कागद कोरडा राहिला तर काम झालं. हाताला न कळणारी गळती कागदाला कळते. ट्रॅप साफ असूनही पाणी सावकाश जात असेल तर अडथळा भिंतीतल्या पाइपात आहे. रबरी पंप घ्या, सिंकमध्ये चार बोटं पाणी ठेवा, ओव्हरफ्लोचं भोक असेल तर ओल्या फडक्याने दाबून धरा आणि पंपाने जोर द्या. तेही झालं नाही तर प्लंबरला स्प्रिंग, म्हणजे पाइपात घालायची लांब लवचीक तार, घेऊन बोलवा.

एक गोष्ट अजिबात करू नका. आज एका बाटलीतलं औषध ओतलं, उद्या गेलं नाही म्हणून दुसरं. संडास साफ करायच्या द्रवात आम्ल असतं. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचशी ते भेटलं की क्लोरीन वायू निघतो. बंद किचनमध्ये तो घशाला आणि फुप्फुसाला लागतो. कॉस्टिक, म्हणजे पाइप मोकळा करायची जहाल पावडर, टाकलं असेल तर ते प्लंबरला आधी सांगा, नाहीतर ट्रॅप उघडताना त्याच्या हातावर येतं. हे न सांगणारे लोक आम्हाला नेहमी भेटतात. शरम कसली वाटते कळत नाही.

राहिली छताची ओल. काकूंकडे जाऊन एक काम करा: ओलीच्या कडेने पेन्सिलने रेष मारा आणि शेजारी तारीख लिहा. दर तीन-चार दिवसांनी पुन्हा. ओल वाढते, थांबते की सुकते हे रेषेवरून कळतं, आठवणीवरून नाही. काकूंनाही दिसतं की तुम्ही विषय गांभीर्याने घेतलाय, आणि निम्मं भांडण तिथेच कमी होतं.

ओलीचे साधारण तीन स्वभाव. रात्रंदिवस सारखी, पाणी वापरा न वापरा, तर येणाऱ्या पाण्याची लाइन गळते. तिला सतत प्रेशर असतं. वापर झाला की वाढते आणि तुम्ही गावाला गेलात की सुकते, तर जाणाऱ्या पाण्याचा पाइप, ट्रॅप किंवा बाथरूमच्या फरशीचे सांधे. पाऊस किंवा कुंड्यांना पाणी यांच्यामागोमाग एक-दोन दिवसांनी येते, तर बाल्कनी. पृष्ठभागावर पांढरी बुकटी, म्हणजे लोणा, फुटला असेल तर पाणी बराच काळ झिरपतंय असं समजा. तो खरवडून रंग मारला तर महिन्याभरात रंगही सोलतो.

तुमच्या ओलीची जागा बाल्कनीच्या दाराजवळ आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे मी कुंड्यांपासून सुरू करेन. कुंड्यांना पाणी घातल्याने छत गळत नाही. कुंड्या फरशीवर टेकून ठेवल्याने त्यांच्या खालची जागा कधी सुकत नाही, आणि वाहून आलेल्या मातीने कोपऱ्यातला नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं जाळीखालचं भोक, भरतो, म्हणून गळतं. पाणी जायला जागा नसली की ते सांध्यांतून खाली वाट काढतं. जाळी उचला आणि आत हात घाला. मूठ-दोन मुठी गाळ निघेल, त्यात तुळशीची किंवा मनीप्लांटची मुळंसुद्धा सापडतात. मग सगळ्या कुंड्या विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर घ्या, खालून हवा खेळली पाहिजे. कुंडीच्या तळाच्या भोकावर नारळाच्या काथ्याचा तुकडा किंवा जाळीचा तुकडा ठेवा, माती थांबते. ताटल्या ठेवणार असाल तर त्यात पाणी साठू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच होतात. बारा इंची कुंडी ओली झाली की वीस किलोच्या आसपास जाते, म्हणून मोठ्या कुंड्या कठड्याच्या टोकाला नकोत, भिंतीलगत ठेवा. आणि कठड्यावर तर एकही नको.

हे करून दहा दिवस बघा. या काळात कुंड्यांना पाणी मगाने, मुळाशी, बेताचं. नळी लावून फरशी धुणं बंद. पेन्सिलची रेष थांबली तर उत्तर मिळालं: फरशीचे सांधे उकरून नीट भरून घ्या, शक्यतो एपॉक्सीने, साध्या पांढऱ्या सिमेंटने नाही. रेष थांबली नाही तर काकूंना आधी सांगून पाणी साठवून चाचणी करा. ट्रॅपला फडका कोंबून बाल्कनीत इंचभर पाणी २४ तास ठेवायचं; उंबरा त्याहून उंच आहे ना ते आधी बघा, नाहीतर तुमचाच हॉल. त्यात खाली थेंब दिसले तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय आणि फरशी उखडून नवीन करावं लागेल. ते काम स्लॅब पूर्ण कोरडा असताना, म्हणजे उन्हाळ्यात. पावसाळ्यात ‘वरून केमिकल मारून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

खर्च कोणाचा, हेही विचाराल. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंची गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची, आणि गच्ची, बाहेरचे सामायिक पाइप, ड्रेनेज लाइन आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने. म्हणून तोडफोड करण्याआधी बाल्कनीजवळून जाणारा बाहेरचा पाइप नक्की बघून घ्या. तो फुटलेला असेल तर तुमच्या कुंड्या उगाच बदनाम होतील. तसं असेल तर सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, फोटो आणि पेन्सिलच्या तारखांसकट. तोंडी सांगितलेलं सोसायटीच्या मिटिंगमध्ये कुणालाच आठवत नाही.

मधल्या काळात, वायरमन येईपर्यंत, ओव्हन चालू असताना गिझर आणि किटली बंद. आंघोळी आधी उरका, मग भाजायला लावा. ओव्हन किचनमधल्या किंवा जिथे कुठे भिंतीत १६ अँपिअरचा सॉकेट असेल तिथे नेऊन थेट लावा, मध्ये काहीही नको. तात्पुरता ओट्याजवळ स्टूल चालेल, पण मागे-बाजूला चार-चार बोटं मोकळी ठेवा, वर प्लास्टिकची बरणी नको, आणि काच गरम असताना ओल्या फडक्याने पुसू नका, तडकते. टँकची मंडळी दिव्या-पंख्यांच्या लाइनवर घ्या. तो सगळा लोड मिळून शंभर वॅटच्या आत-बाहेर असतो आणि त्या लाइनला जाणवतही नाही. मग ओव्हनने एमसीबी पाडला तरी मासे आपले पोहत राहतील.

आणि रविवारी दोघांनी मिळून डीबीचं एक काम करा. घरातलं सगळं चालू करा (ओव्हन, गिझर आणि किटली यांपैकी मात्र एका वेळी एकच), एकेक एमसीबी खाली पाडा, काय बंद झालं ते एकाने ओरडून सांगायचं, दुसऱ्याने चिकटपट्टीवर लिहून डीबीत लावायचं: ‘गिझर-फ्रिज-हॉल पॉवर’, ‘बेडरूम दिवे’ असं. फ्रिजचा खटका तेवढा पाडल्यावर लगेच वर करू नका, चार-पाच मिनिटं थांबा, कॉम्प्रेसरसाठी. त्याच वेळी घराच्या पाण्याचा मेन कॉक कुठे आहे तेही दोघांनी जाऊन बघा आणि एकदा बंद-चालू करा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐन वेळी फिरत नाही. घट्ट असेल तर आता बदलून घ्या, हॉलभर पाणी झाल्यावर नाही.

परवानाधारक वायरमन आला की त्याला एवढंच सांगायचं: ओव्हनसाठी डीबीपासून स्वतंत्र लाइन हवी, किचनमध्ये किंवा जिथे ओव्हन कायमचा राहणार त्या जागी. गिझर त्याच्या जुन्या लाइनवर राहू दे, किंवा बजेट असेल तर त्यालाही वेगळी. वायर अडीच एमएमची, तांब्याची, आयएसआय मार्कची. १६ अँपिअरचा सॉकेट, १६ चा एमसीबी. पाइपात जागा नसेल तर तो भिंतीवरून केसिंग-पट्टीतून नेईल, दिसायला थोडं वाईट पण काम पक्कं. भिंत फोडायचा आग्रह धरू नका. काम झाल्यावर पैसे देण्याआधी तुमच्यासमोर फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून दाखवायला सांगा. बल्ब लागला तर उत्तम, आणि आरसीसीबी चांगला असेल तर बल्ब लागता लागताच तो पडेल, म्हणजे दोन्ही तपासण्या एकदम झाल्या. बल्बही लागला नाही आणि आरसीसीबीही पडला नाही, तर अर्थिंग नाही. जुन्या इमारतीत हे पुष्कळदा सापडतं. मग ते तुमच्या फ्लॅटचं काम राहत नाही, मीटर रूमपासून बघावं लागतं आणि त्यासाठी पुन्हा सेक्रेटरींनाच गाठावं लागेल.